आईनं बळ दिलं, पण पैसे कुणी मोजले?

घरोघरी घट बसलेत. घटातलं धान वर आलंय. तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येणारी पोरं तुम्ही रस्त्यानं पाहिली असतील. याच दिवसांत आपल्या आष्टीकडं दुसरीही एक गडबड असते, ती मुकादमांची. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात. त्या गडबडीतली गेल्या सालची एक गोष्ट आज सांगते. ती सांगता सांगता पार ग्रीस देशापर्यंत जाऊन यायचंय, तेव्हा हातातलं काम चालू द्या, पण कान इकडं ठेवा.

आमच्या गटात एक अक्का आहेत. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. नवऱ्यानं दोघांच्या कोयत्याची उचल आधीच घेतलेली आणि मुलगी दहावीला. अक्कांनी ठरवलं, यंदा मी जाणार नाही. गटातून अंतर्गत कर्ज काढलं, आपल्या अर्ध्या कोयत्याचे पैसे तीनदा मोजले, गटातल्या दोघींना बरोबर घेतलं आणि पारावर चार माणसांत बसलेल्या मुकादमापुढं पैसे ठेवले. वर पोच मागितली, लिहून. बराच वेळ कुणी बोललं नाही म्हणे. पण पोच मिळाली.

दसऱ्यानंतरच्या बैठकीत मी हे रजिस्टरला लिहायला घेतलं, तर अक्का म्हणाल्या, "ताई, माझं नाव नका घालू. मी कुठली बोलणार चार माणसांत? आई आली अंगात, तिनं बोलवून घेतलं. देवीची कृपा झाली, असं लिहा."

मी म्हटलं, "अक्का, पैसे कुणी मोजले?"

झाला वाद. मी बी.ए. झालेली, मला वाटतं सगळं मलाच कळतं. त्या दिवशी मी जरा चढ्या आवाजात बोलले, ते बरं केलं नाही. घरी आले आणि बी.ए.ला वाचलेलं एकेक आठवायला लागलं.

पहिल्यांदा आठवली सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदानं ती १६९४च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली. त्यात अफजलखानाच्या भेटीआधीची हकिगत आहे. तुळजापूरची भवानी शिवाजीराजांना दर्शन देते आणि सांगते, मी तुला साह्य आहे, तुझ्या हातून हे काम करवून घेते. नीट ऐका, 'तुझ्या हातून' म्हणते. आता देवीनं स्वतः यशाचा शब्द दिल्यावर माणूस काय करील? निवांत झोपेल. राजांनी काय केलं? आईला आणि जवळच्या माणसांना ते दर्शन सांगितलं, आणि मागची व्यवस्था लावून दिली. मी यशस्वी झालो तर उत्तमच, प्राण गेला तर संभाजीराजे आहेत, त्यांना पुढं करून राज्य चालवा. ते संभाजीराजे तेव्हा अवघे दोन वर्षांचे!

मग अंगरख्याखाली चिलखत, डोईला मंदिलाखाली लोखंडी टोप, हातात वाघनखं आणि बिचवा. जावळीच्या रानात फौजा दबा धरून ठेवलेल्या. बरोबर जिवा महाला. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली काय झालं ते लहान पोरालाही ठाऊक आहे. पण मी मात्र त्या आदल्या व्यवस्थेपाशीच थांबते दर वेळी. देवीवर भरवसा पूर्ण, आणि तरी चिलखत घातलेलं.

आणि जिजाऊंचा विचार करा. त्यांचा थोरला लेक, त्याचंही नाव संभाजीच, कनकगिरीला पडलेला. एक लेक गेलेली आई दुसऱ्याला निरोप देते. पुढं अज्ञानदास शाहिरानं या प्रसंगाचा पोवाडा रचला. आपल्याला मिळालेल्या जुन्यात जुन्या पोवाड्यांपैकी तो एक. तो जिजाऊंनी सांगून करवून घेतला असं मानतात. म्हणजे हे नाव राहावं, गायलं जावं, हे एका आईनं ठरवलं म्हणायचं.

आता ग्रीसकडं. होमर नावाच्या कवीच्या नावावर 'इलियड' हे महाकाव्य आहे, साधारण पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं. आपला गोंधळी संबळ वाजवून आधी ठिकठिकाणच्या देवांना गोंधळाला बोलावतो ना, तसंच तो कवी सुरुवातीलाच देवीला हाक मारतो, की तू गा. गोष्ट ट्रॉय शहराच्या वेढ्याची. ते शहर आजच्या तुर्कस्तानात येतं. या काव्यात देव सारखे माणसांत येतात, कुणाला वाचवतात, कुणाला फसवतात.

सुरुवातीलाच अकिलीस हा मोठा वीर आपल्याच राजावर, अगमेम्ननवर, तलवार उपसायला जातो. तेवढ्यात अथेना देवी मागून येते आणि त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. आणि म्हणते काय, तर तुझा राग आवरायला आलेय, ऐकणार असशील तर. बघा, देवी केस धरते, पण पुढं 'ऐकणार असशील तर' म्हणते! तलवार म्यानात घालायचा हात अकिलीसचाच. मला वाटतं, अक्कांच्या अंगात आली ती आई अशीच आली असणार.

इथंच थांबले असते तर अक्कांचं आणि माझं दोघींचंही बरोबर म्हणून मोकळी झाले असते. पण त्याच काव्यात हेक्टर आहे. ट्रॉयचा राजपुत्र, सगळं शहर त्याच्या भरवशावर. अकिलीसशी शेवटच्या झुंजीत हीच अथेना हेक्टरच्या भावाचं रूप घेऊन त्याच्या शेजारी उभी राहते. हेक्टरचा भाला वाया जातो. दुसरा भाला मागायला तो वळतो, तर भाऊ नाहीच. त्याला कळून चुकतं, देवांनी आपला हात सोडला. तरी तो पळत नाही. तलवार घेऊन पुढं जातो आणि पडतो.

आणि घरात त्याची बायको अँड्रोमकी मागावर बसलेली आहे. दासींना सांगते, मोठं भांडं चुलीवर ठेवा, धनी लढाईहून येतील, अंघोळीला ऊन पाणी लागेल. तटावरून आक्रोश ऐकू येतो आणि तिच्या हातातला धोटा खाली पडतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. पाणी तापत ठेवून वाट बघणं हे आपल्याला काही निराळं सांगायला नको.

हेक्टर हरला, देव त्याच्या बाजूनं नव्हते, पण कवी त्याला कमी लेखत नाही. इलियडचा शेवट अकिलीसच्या विजयावर नाही, हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर होतो.

हे मी का लांबवलं? तर आमच्या गटात आणखी एक बाई आहे. तिनंही त्या साली नऊ दिवस उपवास धरला होता, अनवाणी होती. तिलाही जायचं नव्हतं. पण तिची उचल आजारपणात आधीच खर्चून गेलेली, गटाचं जुनं कर्जही फिटलेलं नव्हतं, आम्हाला तिला नवीन देता आलं नाही. ती गेली कारखान्यावर. रजिस्टरला अक्कांपुढं नुसतं 'देवीची कृपा' लिहिलं असतं, तर हिच्यापुढं काय लिहायचं होतं? हिच्यावर कृपा झाली नाही असं?

पुढच्या आठवड्यात मी अक्कांकडं गेले. त्यांना बखरीतली गोष्ट सांगितली, हेक्टरचीही सांगितली. हेक्टरचं त्यांना फार लागलं. म्हणाल्या, "मग त्या बाईचं पुढं काय झालं, पाणी ठिवलेलीचं?" शहर पडल्यावर तिला दुसऱ्याच्या घरी दासी व्हावं लागलं, असं सांगितलं. अक्का जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लिहा माझं नाव. पण आईचं पण लिहा."

मी लिहिलं. अक्कांनी गटातून कर्ज घेऊन आपल्या वाटणीची उचल परत केली, पोच घेतली. सोबत गेलेल्या दोघींची नावं लिहिली. देवीनं बळ दिलं असं त्यांनी सांगितलं, हेही लिहिलं. मुलीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि अक्कांनी सही केली. खाली गैरहजर सदस्यांचा रकाना होता. तिथं त्या दुसरीच्या नावापुढं मी 'ऊसतोडीला गेल्या, जुनं कर्ज बाकी, आल्यावर आधी यांचा अर्ज घ्यायचा' असं लिहिलं, आणि त्याखाली अक्कांनी न सांगता दुसरी सही केली.