पोटांतील जंतु आणि बुरशी

आषाढांत भातलावणीच्या ऐन गर्दींत वेल्ह्याकडील एखाद्या वाडींतला गडी सर्दीतापानें पडला, कीं मागच्या खेपेच्या कॅप्सुलची रिकामी पट्टी दाखवून नसरापूरच्या बाजारांतून तशाच चार कॅप्सुल मागविण्याची रीत पडूं लागली आहे. सर्दीच्या विषाणूवर त्या औषधाचा कांहीं अंमल चालत नाहीं. अंमल चालतो तो पोटांतील निरपराध जंतूंवर.

आपल्या मोठ्या आंतड्यांत अब्जावधि जंतु नांदतात, आणि त्यांच्या शेजारीं थोडी बुरशीहि असते. 'कँडिडा' नांवाची बुरशी तर कितीएक निरोगी माणसांच्या पोटांत सांपडते. जंतु तिला डोकें वर काढूं देत नाहींत. ते तिच्या वाट्याची साखर खातात, जागा अडवितात, आणि नाचणी, वरी, पावटा यांतील न पचलेला चोथा आंबवून जीं आम्लें तयार करतात त्यांनीं तिची वाढ खुंटते. गोल पेशींच्या रूपांत असेतों ती बहुधा निरुपद्रवी असते. तंतु फुटले म्हणजे मात्र आंतड्याच्या अस्तरांत शिरूं लागते. या तंतूंतून स्रवणारें 'कँडिडालायसिन' हें विष २०१६ सालीं उजेडांत आलें. जंतुनाशकानें जंतु मरतात, बुरशी मरत नाहीं. तिला मोकळें रान मिळतें. अगोदरच क्षीण झालेल्या रोग्याच्या रक्तांत ती उतरली तर प्राणावर बेतते.

जंतु व बुरशी यांचें हें वैर मातींतहि चालतें, आणि आपल्याच जिल्ह्यांत त्याचा दोन्ही बाजूंनीं उपयोग करून घेतला गेला. १९५४ सालीं स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स कारखान्यांत पेनिसिलीन होऊं लागलें. तें बुरशीचें जंतूंवरील अस्त्र. पुढें तेथेंच डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं एका जंतूपासून 'हॅमायसिन' हें बुरशीनाशक शोधून १९६१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या जंतूचें नांव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'!

विषमज्वरासारख्या दुखण्यांत डॉक्टरांनीं दिलेलें जंतुनाशक अवश्य घ्यावें, व सांगितले तितके दिवस घ्यावें. तांब्याभर ताक प्यालें कीं पोटांतील सारी हानि भरून निघते, ही समजूत मात्र भाबडी आहे. डेन्मार्कमध्यें बारा निरोगी पुरुषांना चार दिवस तीव्र जंतुनाशकें देऊन पाहिलें, त्याचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. बहुतेक जंतु दीड महिन्यांत परतले. पण पूर्वीं सर्वांच्या पोटांत असलेल्या नऊ जाति सहा महिन्यांनींहि बहुतेकांच्या पोटांत आढळल्या नाहींत.