३५ अंशांच्या पलीकडे



नव्या लॅपटॉपच्या खोक्यात बारीक अक्षरांची एक पुस्तिका येते. बहुतेक घरांत ती खोक्यातच राहते. तिच्यात तापमानाबद्दल एक ओळ असते. भोवतालची हवा ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तिथेच हे यंत्र वापरावं, असं ती सांगते. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी हा आकडा बहुतेक ठिकाणी हाच सापडतो. आता आपला मे महिना आठवा. अकोला, वर्धा, चंद्रपूर, नागपूर, कुठेही जा, पारा ४५ च्या आसपास असतो. मे २०१३ मध्ये नागपूरनं ४७.९ अंशही पाहिलेत. आणि आपल्या उन्हाळी परीक्षा, प्रोजेक्टचं सबमिशन, प्रोजेक्टच्या अहवालाचं ब्लॅक बुक, व्हायव्हा, सगळं नेमकं एप्रिल-मेमध्येच येतं. विद्यार्थ्याला लॅपटॉपची सगळ्यात जास्त गरज असते त्याच दिवसांत तो लॅपटॉप, बनवणाऱ्यांनीच आखलेल्या हद्दीच्या बाहेर राबत असतो.

मी विदर्भातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळते. उन्हाळा लागला की प्रयोगशाळेच्या दारात मुलं उभी राहतात. ‘मॅडम, हँग होतोय.’ ‘मॅडम, आपोआप बंद पडतो.’ ‘चार्जिंग टिकतच नाही.’ ‘टचपॅड दबत नाही.’ या मुलांच्या चेहऱ्यावर वैतागापेक्षा जास्त अपराधीपणा असतो. कारण आधी घरी बोलणी खाऊन झालेली असतात. गेम खेळला असशील, नको ते डाउनलोड केलं असशील, नीट वापरता येत नाही तर घेतला कशाला? एका मुलीच्या वडिलांचा मला फोन आला होता. कापसाचे पैसे आले तेव्हा त्यांनी तो लॅपटॉप घेऊन दिला होता. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘मॅडम, पोरीनं काई करून ठेवलं काय त्याले?’ तिनं काहीही केलेलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगायचं आहे. विद्यार्थ्याचा लॅपटॉप बिघडतो तेव्हा दोष पहिल्यांदा विद्यार्थ्यावर टाकला जातो, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर पडलेला असतो.

आधी उष्णतेचं बोलू. लॅपटॉपच्या आत प्रोसेसर नावाची चिप असते आणि काम करताना ती तापते. तिची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून धातूच्या बारीक पात्यांपर्यंत जाते आणि पंखा त्या पात्यांमधून हवा खेळवतो. ही हवा कुठली? खोलीतलीच. खोली २५ अंशांवर असेल तर चिपची उष्णता ती भराभर घेऊन जाते. हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली हवाच ४२ अंशांची असेल, तर पंखा कितीही जोरात फिरला तरी तिची उष्णता उचलण्याची ताकद कमी पडते. चिपचं तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की ती स्वतःला जळण्यापासून वाचवते. ती आपला वेग कमी करते. तेवढ्यानं भागलं नाही तर यंत्र बंद होतं. मुलगा म्हणतो, ‘स्लो झाला, व्हायरस आला.’ व्हायरस आलेला नसतो. तेच यंत्र पहाटे पाच वाजता सुरू केलं तर नीट चालतं. रात्री जागण्यापेक्षा पहाटे उठून प्रोग्राम चालवा, असं मी मुलांना म्हणते ते शिस्तीसाठी नाही, थंड हवेसाठी.

त्यात हॉस्टेलच्या खोलीत टेबल एक आणि मुलं तीन. मग लॅपटॉप गादीवर ठेवला जातो. हवा आत घेणारी छिद्रं बऱ्याच लॅपटॉपच्या पोटाशीच असतात. ती गादीत बुडतात आणि वर गादीचा तंतू, धूळ आत खेचली जाते. दोन-तीन वर्षांत पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो. चिप आणि तांब्याची नळी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते, तीही वाळून कोरडी पडते. तळाचे स्क्रू काढून हा थर ब्रशनं झाडायचा, जुनी पेस्ट पुसून नवी लावायची, हे तासाभराचं काम आहे आणि खर्च काही शे रुपयांचा. एवढ्यावर पुन्हा जिवंत झालेले लॅपटॉप मी कितीतरी पाहिलेत. नवा घ्यावा लागेल, मदरबोर्ड गेला, असं त्यांच्याबद्दल सांगितलं गेलं होतं. कूलर असलेल्या खोल्यांसाठी आणखी एक गोष्ट: कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. त्या वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात.

आता त्या मुलीकडे येते. तिची तक्रार टचपॅडची होती. दाबलं की ‘टक्’ असा आवाज यायला हवा, तो येत नव्हता. दुकानात सांगितलं गेलं, टचपॅड बदला. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला तर तो एका बाजूनं किंचित डुलत होता आणि झाकण पूर्ण मिटत नव्हतं. टचपॅड चांगलं होतं. त्याच्या खालची बॅटरी फुगली होती.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या शोधासाठी २०१९ मध्ये तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोठी गोष्ट आहे ही, आज आपलं सगळं जगणं तिच्यावर चालतं. पण तिला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं. विदर्भातला विद्यार्थी तिला नेमक्या याच दोन गोष्टी देतो, कारण दुसरा मार्गच नसतो. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून चार्जर दिवसरात्र लावलेला. आतल्या रसायनांचं हळूहळू विघटन होतं, वायू तयार होतो आणि बॅटरीची मऊ पिशवी फुगते. ती वर टचपॅडला रेटते, खाली तळाला रेटते. अशी बॅटरी धोक्याची असते. ती टोचायची नाही, दाबायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून तो जाणत्या माणसाकडे न्यायचा आणि काढलेली बॅटरी ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती सुरू करायला एक मिनिट लागतं. ती मुलगी तिसऱ्या वर्षाला होती, संगणकशास्त्राची. तोपर्यंत तिला ही सोय कोणी दाखवली नव्हती. हे मला फार लागलं. आम्ही तिला प्रोसेसरची अंतर्गत रचना शिकवली, पाइपलायनिंग शिकवलं, आणि तिच्या मांडीवर असलेल्या यंत्राच्या पोटात काय आहे ते दाखवलं नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल, पूर्वीच्या लॅपटॉपची बॅटरी खालची कळ सरकवली की हातात यायची. आता ती आत स्क्रूंखाली, काही वेळा चिकटवलेली असते. रॅमही अनेक पातळ लॅपटॉपमध्ये बोर्डावरच झाळलेली असते. म्हणजे पहिल्या वर्षाला घेतलेली ८ जीबी रॅम चौथ्या वर्षापर्यंत ८ जीबीच राहणार. अँड्रॉइड स्टुडिओ इम्युलेटरसह चालवायचा तर गूगल किमान १६ जीबी सांगतं. मोबाइल ॲपचा प्रोजेक्ट घेतलेल्या मुलाची रात्र मग प्रोग्राम लिहिण्यात जात नाही, पडद्यावरचं चक्र फिरताना बघण्यात जाते. सेकंड-हँड लॅपटॉप घेणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. ज्या यंत्रांत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, तिथे विंडोज १० सुरू होताच डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसते. ती काढून एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. चांगल्या स्थितीतली कितीतरी यंत्रं त्या एका दिवसात जुनी ठरली. त्यांच्यावर लिनक्स उत्तम चालतं आणि ते फुकट आहे. ते शिकायला मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यात मराठीतूनही धडे आहेत. मुलं लिनक्सला बिचकतात. एकदा बसवून दिलं की आठवडाभरात सरावतात, असं मी पाहिलंय.

दुरुस्तीच्या दुकानांबद्दल बोलायलाच हवं. तिथे कुशल माणसं आहेत, बोर्डावरची तांदळाच्या दाण्याहून लहान चिप सोल्डर करणारे हात आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण गर्दीच्या दुकानांत एक सवय पडलीय. तक्रार काहीही असो, ‘फॉरमॅट मारून देतो.’ विंडोज पुन्हा टाकलं की चार दिवस यंत्र हलकं वाटतं. धूळ तिथेच असते, पेस्ट तशीच कोरडी असते, बॅटरी फुगायची थांबलेली नसते. आणि ‘डेटा घेतलाय ना?’ हे विचारलं जात नाही, किंवा विचारलं जातं तेव्हा लॅपटॉप सुरूच होत नसतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं महिन्यांचं काम असं पुसलं गेलेलं मी पाहिलंय. मुलांनो, रोज रात्री प्रोजेक्टची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवर ठेवा. गिटहबवर खातं उघडायला पैसे लागत नाहीत. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका, त्याच्यासोबत खरोखर घाण येते. परवान्याचे पैसे नसतात म्हणून मुलं ते टाकतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा कोणतं मोफत सॉफ्टवेअर चालेल हे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी सांगावं, ती जबाबदारी मुलांची नाही.

यंत्र आपल्या हवेसाठी बनवताच येत नाही, असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी एका स्वस्त लॅपटॉपची कल्पना मांडली. त्याचं नाव एक्सओ. २००७ मध्ये तो आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा वाडीवरच्या शाळेतही आला होता. त्याला पंखा नव्हता, फिरती हार्ड डिस्क नव्हती, कीबोर्ड रबराचा आणि धूळ आत जाऊ नये असा अखंड होता, पडदा उन्हात वाचता यायचा. साध्या स्क्रूड्रायव्हरनं तो उघडायचा, आणि जास्तीचे स्क्रू त्याच्या मुठीतच भरून ठेवलेले असायचे. स्क्रू हरवला तर मूल अडू नये, हा विचार बनवताना कोणीतरी केला होता. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी २५६ एमबीची, आजच्या अभियांत्रिकीला तो मुळीच पुरणार नाही. पण ते स्क्रू मला विसरता येत नाहीत.

हाच विचार नियमातही आणता येतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचा गुण छापावा लागतो, दहापैकी किती, तो. उघडायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, किती किमतीला, यावरून तो गुण ठरतो. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. सुरुवात चांगली आहे. पण दुकानात उभ्या असलेल्या बापाला खोक्यावर असा गुण दिसत नाही, तोपर्यंत या सगळ्याचा उपयोग नाही.

महाविद्यालयांना मात्र कोणाची वाट पाहायची गरज नाही. आमच्या प्रयोगशाळेत आता एक टेबल फक्त दुरुस्तीसाठी आहे. स्क्रूड्रायव्हरचा संच, ब्रश, पेस्ट, मल्टिमीटर आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून खणांची डबी, एवढंच सामान. दुसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. जुने पण चालते काही लॅपटॉप आम्ही बाजूला ठेवलेत. ज्याचं यंत्र दुरुस्तीला गेलं त्याला सबमिशनपर्यंत वापरायला मिळतं. प्रयोगशाळा मे महिन्यात संध्याकाळीही उघडी असते. प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना माझी विनंती आहे, लॅपटॉप बिघडला म्हणून उशीर झालेल्या मुलाचे गुण कापण्याआधी ते यंत्र एकदा उघडून बघा. त्या मुलीचे गुण कापले गेले होते. बॅटरीचा फोटो दाखवून आम्ही ते परत मिळवले, पण त्यासाठी तिला तीन टेबलांपुढे उभं राहावं लागलं.

आणि पालकहो, प्रवेश झाले की तुम्ही लॅपटॉप घ्यायला निघाल. चकचकीत पडदा नंतर बघा. आधी दुकानदाराला विचारा, रॅम वाढवता येते का, डिस्क बदलता येते का, बॅटरी वेगळी मिळते का आणि आपल्या जिल्ह्यात ती कोण बसवून देतं. सेकंड-हँड घेत असाल तर तळाचं झाकण उघडून आतली बॅटरी आणि पंखा दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.