माळावरील भोवत्या आणि छायाचित्रकार



हैदराबाद-सोलापूर हमरस्त्यावर बिदर जिल्ह्यातील मन्नाएखेळ्ळी आहे. या भागातील गवताळ माळांची नोंद सरकारी कागदांत बहुधा ‘पडीक’ अशीच होत आली आहे. वास्तविक दसरा-दिवाळीच्या सुमारास असल्याच पडिकांवर कझाकस्तान व दक्षिण रशियाच्या मैदानांतून भोवत्या हा शिकारी पक्षी उतरतो आणि चैत्राच्या आसपास परत जातो. पांढुरका भोवत्या व माँटेग्यूचा भोवत्या या त्याच्या दोन जाती आपल्याकडे विशेष आढळतात.

पुरुषभर उंचीवरून, पंख किंचित वर धरून, हा पक्षी गवतावर संथपणे घिरट्या घालतो. नाकतोडे, टोळ, उंदीर आणि चंडोलासारखे लहान पक्षी हे त्याचे भक्ष्य. शेतकऱ्याने त्यास वैरी मानण्याचे काहीच कारण नाही. नर राखी, काळ्या पंखाग्रांचा. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरी. दोन्ही जातींच्या माद्या ओळखताना मात्र जाणकारही अडखळतात. पांढुरक्या मादीच्या गालावरील गडद डागामागे फिकट कंठपट्टी असते, आणि ती उडत्या पक्ष्यावर क्षणभरच दिसते. पूर्वी अशा निर्णयासाठी पक्षी बंदुकीने पाडीत. आता स्पष्ट छायाचित्र पुरते, आणि पक्षीही जिवंत राहतो.

छायाचित्र घेण्यास सकाळचे पहिले दोन तास उत्तम. सूर्य पाठीशी ठेवावा, जीप गाडीवाटेवरच उभी करून इंजिन बंद करावे आणि आत बसून राहावे. बांधाच्या कडेने शिकार शोधीत पक्षी पुष्कळदा आपणहून जवळ येतो. सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाइतका वेग ठेवला म्हणजे पंख स्थिर दिसतात. जीप माळात घालून त्याचा पाठलाग करणारे हौशी लोक अलीकडे वाढले आहेत. त्यांच्या हाती बहुधा पक्ष्याची पाठच लागते.

सायंकाळी अधिक जपावे लागते. भोवत्ये झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. आंध्रातील रोल्लापाडू येथे एकेकाळी त्यांचे शेकडोंचे मुक्काम होते. अशा जागी पायी शिरू नये, झोतदिवा वापरू नये. अंधारात उठविलेला पक्षी कोल्ह्या-कुत्र्यांच्या तावडीत सापडू शकतो. मुक्कामाची नेमकी जागा छायाचित्राखाली छापूही नये.

अधिकारी मित्रांस एक स्पष्ट सांगतो. माळावर चर खणून गिरिपुष्पाची रोपे लावली की अहवालात हिरवळ वाढते, पण भोवत्याची निजण्याची जागा जाते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी तो पक्षी आज तेथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तेव्हा रोपवनाचा आराखडा करण्यापूर्वी हिवाळ्यातील दोन संध्याकाळी त्या माळावर काढाव्यात. ग्रामस्थांनी गवत कापताना मुक्कामाचा तुकडा चैत्र संपेपर्यंत उभा ठेवावा, तेथे वणवा लागू देऊ नये. शिक्षकांनी मुलांकडून पहिला भोवत्या दिसल्याची तारीख, जागा आणि नर की मादी, एवढे शाळेच्या वहीत दरवर्षी लिहून घ्यावे.