चालते मूल चालेनासे झाले, तर…



आपल्या गावात एखादे मूल स्वमग्न असते. एखाद्याला मेंदूच्या पक्षाघातामुळे घास चावता येत नाही. अशा मुलांचे खाणे पुष्कळदा दोन-तीन पदार्थांवर येऊन थांबते. कुणाला दूधभातच हवा, कुणाला नुसती बिस्किटे. आई म्हणते, "चार घास पोटात जातायत ना, झालं तर!" पोट भरते खरे, पण या खाण्यात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसते. आपले शरीर ते तयार करू शकत नाही, आणि अंगातला साठा एक ते तीन महिन्यांत संपतो. मग स्कर्व्ही हा रोग होतो. पूर्वी तो दर्यावरच्या खलाशांना होई. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या वैद्याने संत्री-लिंबे देऊन खलाशी बरे केले.

हा रोग ओळखावा कसा? मूल चिडचिडे होते. पाय दुखतात, म्हणून ते लंगडते, पुढे चालायचेच सोडते. पायाला हात लावला की किंचाळते. हिरड्या सुजून जांभळ्या होतात, त्यांतून रक्त येते. अंगावर केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके दिसतात. जखमा लवकर भरत नाहीत.

ज्याला बोलता येत नाही, ते मूल "दुखतंय" कसे सांगणार? आपण म्हणतो, "हट्टी झालंय," किंवा "त्याचं अपंगत्वच वाढलं." इथेच घात होतो. कधी संधिवाताच्या, कधी रक्ताच्या कर्करोगाच्या तपासण्या होतात. पण ताटात काय असते, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा गुरुजी, बाई, चालणारे मूल बसून राहिले, तर त्याच्या हिरड्या पाहा, डबा पाहा. पालकांनो, पाय चोळू नका, हाडवैद्याकडे ओढायला नेऊ नका. हाडावरच्या आवरणाखाली रक्त साकळलेले असू शकते. आरोग्य केंद्रात न्या आणि मूल काय-काय खाते ते डॉक्टरांना आपणहून सांगा. औषध साध्या गोळ्यांचे आहे. दुखणे बहुधा थोड्याच दिवसांत उतरू लागते. पुरते बरे व्हायला काही आठवडे लागतात.

पुढे जपायचे कसे? आवळा, पेरू, लिंबू, संत्रे आपल्याकडे मिळतात. मुलाला मोजका पेरूचा गर मऊ करून द्या. वरणभातावर लिंबू पिळा, पण ताटात वाढल्यावर. उकळीत हे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. नवी चव मूल थुंकून टाकील. रागावू नका, उद्या पुन्हा चमचाभर द्या.

ज्याला सांगता येत नाही, त्याचे दुखणे आपणच शोधले पाहिजे.