पायऱ्या आणि मोट

करमाळ्याच्या कमलाभवानीच्या देवळाजवळची ९६ पायऱ्यांची विहीर प्रसिद्ध आहे. अशा विहिरींतून एक घागर पाणी हवें असेल, तर शहाणा मनुष्य पायऱ्या उतरतो, घागर भरतो आणि वर येतो. मळा भिजवावयाचा असेल, तर मात्र तो विहिरीवर मोट जोडतो. नाडा, चाक, बैल यांच्या जुळवाजुळवींत सकाळ जाते. पण पुढें दिवसभर पायऱ्या कोणी मोजीत नाहीं. संगणकाच्या भाषांचा वेग वाढविण्याची एक मोठी युक्ति हीच आहे.

यंत्राला केवळ आंकड्यांचे संकेत कळतात. पायथनसारख्या भाषेंत लिहिलेलें टिपण त्याला समजावून देण्यास 'इंटरप्रिटर' नांवाचा दुभाष्या लागतो. हा दुभाष्या मोठा प्रामाणिक, पण विसराळू. एकच वाक्य लाख वेळां आलें, तरी लाख वेळां तो त्याचा अर्थ नव्यानें लावतो. दोन पदांची बेरीज म्हटली, कीं तीं पदें संख्या आहेत कीं अक्षरें, ही चौकशीहि प्रत्येक खेपेस. बेरजेपेक्षां चौकशीलाच वेळ अधिक!

'जस्ट-इन-टाइम' योजनेंत काम चालूं असतांच यंत्राच्या संकेतांत भाषांतर करून तें जपून ठेवतात. १९८४ सालीं पीटर डॉइच व ॲलन शिफमन यांनीं स्मॉलटॉक-८० या भाषेसाठीं ही रीत यशस्वी करून दाखविली. कोणता भाग वारंवार येतो याची मोजदाद ठेवून तेवढाच भाषांतरावा, ही जोड तिला पुढें मिळाली.

खरी खुबी याच्याहि पलीकडे आहे. 'आजवर येथें संख्याच आल्या' अशा अनुमानावर हें भाषांतर बेतलेलें असतें. म्हणून त्याच्या तोंडाशीं पहारा बसवितात. एखादे वेळीं संख्येच्या जागीं अक्षरें आलींच, तर पहारेकरी काम थांबवून तें पुन्हां दुभाष्याकडे सोंपवितो. पाणी खोल गेलें, मोट पोंचेना, तर पायऱ्या आहेतच. त्या कोणी बुजविलेल्या नसतात.

मात्र मोट फुकट मिळत नाहीं. भाषांतराला वेळ लागतो, तें ठेवावयास स्मृतींत जागा लागते, आणि क्षणभर चालणारें टिपण त्यापायीं उलट मंदावूंहि शकतें. पायथनच्या मंडळींनीं म्हणूनच बेतानें पाऊल टाकलें. २०२२ च्या ३.११ आवृत्तींत त्यांनीं दुभाष्यालाच थोडी आठवण ठेवावयास शिकविलें. इतर कांहीं काटकसरींसह तेवढ्यावर वेग सरासरी सव्वापट झाला. यंत्रसंकेतांत भाषांतर करण्याची सोय ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तींत आली, तीहि प्रयोगादाखल व एरवीं बंद ठेवलेली.

करमाळ्यासारख्या गांवीं जुन्या संगणकावर पायथन शिकणाऱ्या मुलाचें टिपण रेंगाळत असेल, तर नव्या यंत्रासाठीं वडिलांच्या खिशाला हात घालण्यापूर्वीं कोणती ओळ किती वेळां चालते, हें त्यानें मोजून पाहावें. एकाच फेऱ्यांत लाखों आवर्तनें होत असलीं, तर तेंच टिपण 'पायपाय' या मोटवाल्या दुभाष्याकडे द्यावें. तो कांहीं मोल घेत नाहीं.