उत्सवाची वीज आणि सूर्याचा हिशेब



लोकमान्यांच्या पुढाकाराने १८९३ साली गणेशोत्सव सार्वजनिक झाला, तेव्हा मंडपात वीज नव्हती. व्याख्याने, मेळे, कीर्तने तरीही रंगत. आज मंडपामागे जनित्र धडधडते. गायकाने तंबोरा जुळवावा आणि त्यात डिझेलच्या यंत्राचा खर्ज मिसळावा, हे कोणाही रसिकाला खटकेल. शिवाय एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि मोबदल्यात मिळते जेमतेम तीन युनिट वीज.

सौरऊर्जा हा यावर उपाय आहे. पण कार्यक्रम असतो सायंकाळी, सूर्य मावळल्यावर; उत्साहाच्या भरात नेमके हेच विसरले जाते.

म्हणून आरंभ पॅनेलच्या खरेदीपासून नव्हे, तर भार मोजण्यापासून व्हावा. ५०० वॅटच्या हॅलोजनचे काम शंभराहून कमी वॅटचा एलईडी दिवा करतो. मैफलीला ध्वनियंत्रणा, दिवे, पंखे मिळून अडीच किलोवॅट भार धरला, तर चार तासांत दहा युनिटे लागतात. महाराष्ट्राच्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे देते. म्हणजे तीनशे चौरस फूट गच्चीवर मावणारी तीन किलोवॅटची यंत्रणा पुरे. सोबत बॅटरी मात्र हवी. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे २५ ऑगस्ट २०२४ रोजी 'मॅसिव्ह अटॅक' या वाद्यवृंदाचा खुल्या मैदानातील भव्य कार्यक्रम बॅटरीवरच पार पडला. (भिंतीएवढे ध्वनिक्षेपक रचणाऱ्या आपल्याकडील मंडळांनी आधी आवाज उतरवावा, मग बॅटरीचा विचार करावा.)

दुसरी अडचण भाद्रपदाची. आभाळ भरून आले की उत्पादन निम्म्याहूनही खाली येते. गच्चीवरच्या पॅनेलची जास्तीची वीज महावितरणसारख्या कंपनीला देऊन तिचा हिशेब बिलात वळता करणे, म्हणजे नेट मीटरिंग, इथे उपयोगी पडते. स्वतःचा मीटर असलेली गृहनिर्माण संस्था, शाळा, देवस्थान यांना हा मार्ग सोपा. रस्त्यावर तात्पुरती जोडणी घेणाऱ्या मंडळाला तितका नाही. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये साहाय्य ठेवले गेले. एक गोष्ट मात्र विक्रेते क्वचितच सांगतात. बॅटरीविना ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःही थांबते. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी ती तशीच रचलेली असते. ऐन आरतीत अंधार नको असेल, तर किमान ध्वनी आणि दिव्यांपुरती बॅटरी असावी.

स्वयंपाकाचे गणित वेगळे, कारण ते काम दिवसाउजेडी होते. शिर्डीच्या साई संस्थानात २००९ साली प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ सौर तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजू लागले. ज्या मंडळाचा महाप्रसाद दुपारी असतो, त्याला सूर्याकडून सर्वांत सोपी मदत तिथेच मिळेल. आभाळ भरले तर पर्यायी गॅसची शेगडी तेवढी जवळ असू द्यावी.