तांब्याभर पाणी



नाथबाबांची कथा तुम्हाला पाठ आहे. काशीची गंगा कावडीत घेऊन निघाले रामेश्वराला. वाटेत वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी कावड उतरवली आणि गंगा त्याच्या तोंडात ओतली. आता मला सांगा, गाढवाला कुठलं पाणी दिलं? देवासाठी आणलेलं! उरलंसुरलं नाही.

आता मोहोपाड्याचं ऐका. कीर्तनाआधी एका घरी टेकलो. सुनेनं तांब्या पुढे केला, तोच सासूबाई म्हणाल्या, "अगं, महाराजांना नळाचं नको, बाटलीतलं आण." मी म्हटलं, "आजी, नातवंडं कुठलं पितात?" आजी गप्प. बाटलीचा तो घोट माझ्या घशाखाली उतरेना.

बाबांनो, इथं पावसाची वानवा आहे का? धो धो पडतो. पण कातळ पाणी धरत नाही; वैशाखात ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. आणि खाली पाताळगंगा बारमाही वाहते. कशानं? १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाट उतरतं, वीज करतं आणि पाताळगंगेला मिळतं. त्यातलं वळवणचं पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं! देहू-आळंदीला जायचं ते तुमच्या दारावरून जातं. इंद्रायणीला आपण हात जोडतो. आणि हिच्यात काय सोडतो? गटार, सांडपाणी, निर्माल्याच्या पिशव्या.

नितळ दिसलं म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही. उकळलं तर जंतू मरतात, विरघळलेले क्षार आणि रसायनं तिथंच राहतात. खारं पाणी वालाला, भाजीला देत राहिलात तर क्षार जमिनीत साठतो.

मग करायचं काय? तपासायचं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायची सोय आहे. ग्रामपंचायतीत तपासणीची पेटी मागा, निकाल ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला लावा. नदीत घाण सोडायला १९७४ च्या कायद्यानं बंदी आहे. पाण्याला रंग, वास आला तर दिवस-वेळ लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपली निर्माल्याची पिशवी थांबवा.

पुढच्या वर्षी मी येणार आहे. आजी, तेव्हा बाटली नको. नातवंडं पितात तोच तांब्या मला द्या, आणि न कचरता द्या. त्या दिवशी आपली कावड रामेश्वराला पोचली म्हणायची.

बोला, विठ्ठल, विठ्ठल!